‘ग्राहकांना भेटी’ या सदरातली खुर्ची

ताईने ती खुर्ची घेतली तेव्हा तिच्या मनात काय होतं, हे सरकारला हवं होतं. कर खात्याच्या पत्रात अर्थात तसं लिहिलेलं नव्हतं. ‘सदर खर्चाचा हेतू समक्ष येऊन स्पष्ट करावा’ एवढंच होतं, खाली शिक्का आणि शिक्क्यावर कुणाची तरी घाईघाईतली सही. पण ताईने पत्र वाचलं आणि तिला नेमकं तेच ऐकू आलं.

ताई म्हणजे खोक्यांच्या कारखान्याची मालकीण. कारखाना आपला म्हणायचा; एक लांबट शेड, त्यात पुठ्ठा कापायचं एक मशीन, घड्या पाडायचं एक, पिना मारायचं एक, आणि सगळीकडे खळीचा वास. नवरा मशिनं सांभाळायचा. ताई हिशेब, गिऱ्हाइकं आणि नवरा सांभाळायची. धाकट्या भावाची ती ताई, म्हणून कामगारांचीही ताई झाली, आणि पुढे पुढे नवराही चारचौघांत तिला ताईच म्हणायला लागला. आता तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

खुर्ची त्या धाकट्यासाठी घेतलेली. तो एका मोठ्या बूट कंपनीत खरेदी खात्याचा प्रमुख. बुटांना खोकी लागतात आणि ती ताईच्या शेडमधून जातात. शेडमधलं निम्म्याहून जास्त काम त्या एका कंपनीचं. गेल्या वर्षी धाकट्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी साध्या खुर्चीत बसायचं नाही म्हणून बजावलं, आणि ताईने जाऊन त्याला खास पाठदुखीवाल्यांची खुर्ची घेतली. मानेला वेगळी कळ, कमरेला वेगळी, हातांना वेगळी. पैसे कारखान्याच्या कार्डावरून दिले, कारण त्या दिवशी पर्समध्ये तेच होतं. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, ती कारखान्याच्या टेम्पोतून नेली आणि जिने चढून धाकट्याच्या घरात पोचवली.

वर्षाचे हिशेब लागत होते तेव्हा करसल्लागाराने चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, “ही खुर्ची कुठे टाकू?”

“टाका ग्राहकांना भेटींमध्ये,” ताई म्हणाली होती. “ग्राहकच आहे तो माझा.”

तो हसला, ताईही हसली, आणि त्याने टाकली. ताईने खाली सही केली. गंमत तिथेच संपायला हवी होती.

“कर खात्याला विनोद कळत नाहीत,” करसल्लागार आता म्हणाला. त्याच्या गालात पेपरमिंटची गोळी होती आणि अडचण जितकी मोठी तितकी ती गोळी तो जोरात फिरवायचा. आज ती थांबतच नव्हती.

त्याचं ठरलेलं प्रवचन ताईला पाठ होतं. ग्राहकाला दिलेली भेट हा धंद्याचा खर्च; पण माणशी एका मर्यादेपर्यंतच, त्यावरची रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही. मात्र वस्तूवर आपलं नाव छापलेलं असलं, की ती भेट राहत नाही, जाहिरात होते. त्यामुळे वर्षाअखेर गिऱ्हाइकांना जे काही जायचं, थर्मास, छत्र्या, पेनं, त्या सगळ्यावर कारखान्याचं नाव आणि फोन नंबर ठसठशीत असायचा. एके वर्षी छत्रीवर नाव इतकं मोठं छापलं गेलं की गिऱ्हाइकं भिजत जायची, पण छत्री उघडायची नाहीत.

“खुर्चीच्या पाठीवर नाव रंगवलं असतं तर बरं झालं असतं,” नवरा म्हणाला.

“तुम्ही जरा गप्प बसा हो,” ताई म्हणाली. मग सल्लागाराकडे वळली. “मर्यादेच्या वर गेलो, एवढंच ना? कर भरते, दंड भरते. विषय संपला.”

“पैशांचा विषयच नाही. तारखेचा आहे.” त्याने गोळी दुसऱ्या गालात घेतली. “तुमचा त्या कंपनीशी खोक्यांचा नवा करार झाला, त्याच आठवड्यात ही खुर्ची गेलीय. करारावर मंजुरीचा शेरा कुणाचा? तुमच्या भावाचा. म्हणजे कागदावर दिसतं काय, की माल पुरवणाऱ्याने खरेदी करणाऱ्याला ऐन मोक्याला महागडी वस्तू दिली. आणि आपणच आपल्या सहीने लिहून दिलंय, की हो, धंद्यासाठी दिली.”

“कंपनीला माहितेय तो माझा भाऊ आहे. त्याने पहिल्याच वर्षी लिहून दिलंय.”

“नात्याला बंदी नाही हो. भेटीला आहे. त्यांच्या माणसांना पुरवठादाराकडून काही घेता येत नाही. आता तुम्ही तिथे जाऊन धंद्यासाठीच दिली म्हणालात, तर खातं पडताळणीसाठी कंपनीला पत्र धाडणार: तुमच्या अमुक माणसाला ही वस्तू मिळाली, हे खरं काय? ते पत्र गेलं, की तुमचे भाऊ घरी बसले म्हणून समजा. घरच्या नात्याने दिली म्हणालात, तर खर्च नामंजूर, दंड, फाईल बंद. कंपनीला काही कळायचं कारण नाही.”

“मग तेच सांगते. मायेने दिली. त्यात अवघड काय आहे?”

“तुम्ही सांगाल हो,” सल्लागार म्हणाला. “त्यांना पटायला हवं.”

संध्याकाळी धाकटा घरी आला. तो अलगद लाकडी खुर्चीवर टेकला आणि पाणी नको म्हणाला, तेव्हा ताईने ओळखलं, याला नवऱ्याने फोन केलाय. नवऱ्याच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे.

“ते पत्र कंपनीत गेलं ना ताई, तर मला जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा थांबवणार नाहीत. सामान खोक्यात भरून गेटबाहेर.”

“आपल्याच खोक्यात,” नवरा म्हणाला. कुणीही हसलं नाही.

“ही पाठ घेऊन मला दुसरीकडे कोण घेणार? आणि लाच घेतली म्हणून काढलेल्या माणसाला कोण घेणार?” धाकट्याचा आवाज बारीक झाला होता. लहानपणी काही फोडलं, की तो असाच ताईजवळ येऊन बसायचा.

“कुणी काढत नाही तुला. मी जाते, सांगते, भाऊ आहे, मायेने दिली.”

“तसंच आहे ना पण?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे काही नाही.” तो बोटांशी खेळत राहिला. “खुर्ची आली, आणि दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. नव्या दरांचं काय झालं म्हणून. मी पडून होतो तेव्हा. मला जरा वाटलं, आधी पाठ कशी आहे विचारशील.”

“विचारलं होतं मी.”

“हो. विचारलं होतंस. नंतर.”

ताईच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. तुझ्या तापात रात्र रात्र जागले ते कुठल्या दरासाठी, हेही आलं. पण तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडण्यात अर्थ नसतो. तिने त्याला दारापर्यंत सोडलं.

तो गेल्यावर ओटा पुसताना तिला राग आला, तो मात्र कुणावर काढावा हे कळेना. देणाऱ्याच्या मनात काय एक गोष्ट असते? दहा असतात. त्यातली एकच निवडा आणि तिच्याखाली सही करा असं म्हटलं, तर भल्याभल्यांची बोबडी वळेल. ती दुकानात गेली तेव्हा विक्रेत्याने दोन खुर्च्या दाखवल्या होत्या. स्वस्तातली चांगली होती. तिने महाग घेतली. त्याच महिन्यात एक नवा खोकीवाला कमी दर घेऊन बूट कंपनीच्या दारात उभा होता, हे तिला ठाऊक होतं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिच्या मनात आलं होतं, की धाकटा हिच्यावर रोज बसेल आणि त्याला रोज आपली आठवण येईल. त्या वेळी तिला ते मायेचंच वाटलं होतं. आता तिने तोच विचार उलटसुलट करून पाहिला, फडकं पिळलं, पुन्हा पाहिला. तिला ठरवता आलं नाही.

बोलावलेल्या दिवशी तिला सोडायला दादा आला. दादाने आयुष्यात चार धंदे केले आणि चारही बुडवले. शेवटचा सायकली भाड्याने द्यायचा. तो त्याने इतका मन लावून बुडवला, की लोकांनी सायकली परत आणणंसुद्धा सोडून दिलं. पैसे मागणारे दारात उभे राहायला लागले तेव्हा ताईने त्यांची तोंडं बंद केली आणि दादाच्या हातात टेम्पोची किल्ली ठेवली. त्याला आता बरीच वर्षं झाली. खोकी हलकी, पण ती घड्या घालून सपाट गठ्ठ्यांत जातात, आणि तो गठ्ठा उचलताना माणूस वाकडा होतो. दादा सकाळी गठ्ठे भरायचा, पोचवायचा, उतरवायचा आणि परत यायचा. त्याने कधी कुरकुर केली नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

“काय चिमे, तुरुंगात डबा आणू का?” त्याने विचारलं. चिमी हे तिचं लहानपणचं नाव. आता ते वापरणारा तो एकटाच उरला होता.

ताईला कुणाशी तरी बोलायचंच होतं. तिने त्याला सगळं सांगितलं, पत्र, तारीख, धाकट्याची नोकरी, दोन उत्तरं. दादा समोर बघत ऐकत होता. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, “खुर्ची मात्र झकास होती. वर नेली ना, तर त्याची बायको म्हणाली, जरा बसून दाखवा दादा, कळा लागतात का बघू. बसलो. उठावंसं वाटेना.”

“हो का,” ताई म्हणाली. तिचं लक्ष उत्तरांत होतं.

कर खात्यातली बाई तिच्याहून पुष्कळ लहान होती. तिला सर्दी झाली होती. टेबलावर फायलींच्या शेजारी कागदी रुमालांचा डबा होता. दादा बाहेर बाकाकडे गेला. बाईने ताईला बसायला सांगितलं, फाईल उघडली आणि नाक पुसलं.

“ही खुर्ची धंद्यासाठी दिलीत की घरचं म्हणून?”

“घरचं म्हणून. भाऊ आहे माझा. मायेने दिली. हिशेबात चुकून पडली.”

“सगळे असंच सांगतात.” तिच्या बोलण्यात खोच नव्हती, फक्त सर्दी होती. “आणि माया मोजायचं काही साधन आमच्याकडे नाही. म्हणून मी एवढंच बघते, की त्या घरात देण्याची रीत काय आहे. तुम्ही घरच्या माणसांना अशा वस्तू देता का?”

“ज्याला जे लागेल ते देते.”

“यांना पाठीसाठी लागली.”

“हो. ऑपरेशन झालं होतं.”

“आणखी भावंडं?”

“एक भाऊ आहे. थोरला.”

“काय करतात?”

“आमच्याकडेच असतो. टेम्पो चालवतो. माल भरतो, उतरवतो.”

“अस्सं,” बाई म्हणाली आणि लिहिता लिहिता तिने सहज विचारलं, “त्यांची पाठ कशी आहे?”

ताई ‘बरी आहे’ म्हणणार होती. तिला माहीतच नव्हतं. की माहीत होतं? दादा हल्ली टेम्पोतून उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढतो आणि मग दाराला धरून थोडा वेळ तसाच राहतो. ते तिने रोज ऑफिसच्या खिडकीतून पाहिलेलं होतं. पाहून तिने एवढंच म्हटलं होतं, की हा हल्ली वेळ काढतो.

“त्यांना काय दिलंत?” बाईने विचारलं.

“मी त्याला काम दिलं.”

“पगार देता ना? मग ती भेट नाही झाली.”

ताई आठवायला लागली. वर्षाअखेर उरलेले थर्मास दादाकडे जायचे. छत्र्याही जायच्या. सगळ्यांवर कारखान्याचं नाव होतं. टेबलाच्या पलीकडे लेखणी थांबलेली तिला दिसली.

“ते आलेत का तुमच्याबरोबर?”

“बाहेर बसलाय.”

शिपायाने दादाला आत आणलं. तो दाराशी थांबला, चौकटीला धरून सरळ झाला, मग पुढे आला. बाईने खुर्ची दाखवली. “उभाच बरा आहे,” दादा म्हणाला. “बसलं की उठायला वेळ लागतो.” बाईने ताईकडे एक नजर टाकली.

“तुमच्या बहिणीने धाकट्या भावाला खुर्ची दिली, ते माहितेय?”

“मीच तर पोचवली.”

“आणि तुम्हाला काय दिलं?”

दादाने ताईकडे पाहिलं. फार वेळ नाही. इतकी वर्षं एका घरात वाढलेल्या माणसाला तेवढा वेळ पुरतो. प्रश्न काय आहे, अडलंय कुठे आणि कोण बुडणार आहे, ते सगळं त्याला तिच्या तोंडावर दिसलं.

“मलापण दिली की,” तो म्हणाला. “तशीच.”

“कुठे आहे ती?”

“विकली.”

“विकली?”

“मला पैसे लागतात हो. घरात काही आलं, की विकतो. चार धंदे बुडवलेत मी, हिला विचारा, हिनेच निस्तरलंय सगळं. खुर्चीचं हिला सांगितलंच नव्हतं मी. आत्ता कळतंय तिला. चेहरा बघा ना तिचा.”

बाईने ताईचा चेहरा पाहिला. तो लालबुंद झाला होता, ओठ थरथरत होते, आणि आपण दिलेली वस्तू भावाने परस्पर विकली हे आत्ताच कळलेल्या बहिणीचा चेहरा अगदी तसाच दिसला असता. बाईला दया आलेली दिसली. तिने रुमालांचा डबा ताईच्या बाजूला सरकवला आणि भराभर लिहायला घेतलं.

ताईला बोलता आलं असतं. दादा, असं नको म्हणू, एवढे शब्द पुरले असते. पण त्यानंतर ते पत्र निघालं असतं, आणि धाकटा गेटबाहेर उभा राहिला असता. तिला ढसाढसा रडावंसं वाटत होतं. तिने डब्यातला रुमाल घेतला नाही.

“दोन्ही भावांना सारखीच वस्तू, घरगुती नात्यातून दिलेली,” बाईने वाचून दाखवलं. “धंद्याचा खर्च म्हणून नामंजूर. कर आणि दंड भरून टाका. कंपनीला लिहायची गरज नाही. दोघंही सही करा.”

ताईने सही केली. दादाने टेबलावर एक हात टेकवून वाकून सही केली आणि सरळ होताना डोळे मिटून घेतले.

“बहीण इतकं करते आणि तुम्ही विकून खाता,” बाई त्याला म्हणाली. “या वयात लाज वाटायला हवी.”

“वाटते की,” दादा म्हणाला.

ताईने फाटकापाशीच धाकट्याला फोन लावला. पत्र जात नाही, एवढंच सांगितलं. पलीकडून लांब श्वास ऐकू आला. “बघ, मी म्हणत होतो ना, मायेने दिली म्हण, पटेल त्यांना,” धाकटा म्हणाला. कसं पटलं ते त्याने विचारलं नाही. बाजूला कुणीतरी त्याला हाक मारत होतं, त्याने फोन ठेवला.

दादा टेम्पोत चढून बसला होता. ताई त्याच्या शेजारी बसली. आज तिने पाहिलं, की त्याने पाठीमागे पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक बांधून ठेवल्या आहेत, आणि वरचा पुठ्ठा त्याच्या पाठीच्या आकाराचा झाला आहे.

“कुठे सोडू? घरी की शेडवर?”

“फर्निचरच्या दुकानात घे.”

“ते कशाला?”

“तुला खुर्ची घ्यायची. तशीच. आत्ताच्या आत्ता.” तिचा आवाज चढला होता. “माझ्या पैशांतून घेते, कारखान्याच्या नाही. तू एक शब्द बोलू नकोस दादा.”

दादाने इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही.

“नको, चिमे.”

“का नको?”

“बिलावर आजची तारीख पडेल. उद्या त्या बाईने माणूस पाठवला तर काय सांगशील? एकदा दिली, याने विकली, तरी पुन्हा तसलीच घेऊन दिली?” तो हसला. “इतकी माया कुणाची असते?”

तो आपल्याच बोलण्यावर हसत मागे वळून गाडी काढायला लागला. त्याने नको म्हटलं त्या क्षणी, सगळ्यात आधी, ताईला हायसं वाटलं होतं. चला, तेवढा खर्च वाचला. हे तिच्या मनात आलं, आणि ते आलेलं तिने पाहिलं, समोर कुणीही अधिकारी बसलेला नसताना. ती पदर तोंडाशी घेऊन रडायला लागली.

“आता गं काय झालं रडायला,” दादा रस्त्याकडे बघत म्हणाला. “सुटला ना आपला पोरगा.”